मालसूनच्या जाळीवरचा भोपळा

मित्रांनो, मी एक जुना भोपळा आहे, पण भाजीचा नव्हे. मला कोणी चिरले नाही, शिजवले नाही, आणि त्याचे मला दुःखही नाही. मी समुद्रात काम केलेला भोपळा आहे. एका बाईने वर्षानुवर्षे माझ्यावर छाती टेकून श्वास घेतला, यापेक्षा जास्त काही मी देवाकडे मागितलेले नाही.

कोरियाच्या दक्षिणेकडच्या एका बेटावर माझा जन्म झाला. तिथल्या बायका समुद्राच्या तळाशी बुडी मारून शंख आणि शेवाळ काढतात. पाठीवर हवेची नळी नाही, काही नाही. छातीत मावेल तेवढाच श्वास. त्यांना हेन्यो म्हणतात, म्हणजे समुद्राच्या बायका. अशाच एका हेन्योने गोठ्याच्या काळ्या भिंतीवर माझा वेल चढवला होता. वेलीला बरेच भोपळे लागले. तिने एकेकाला टिचकी मारून पाहिले, बाकीचे स्वयंपाकघरात नेले आणि मला वेलीवर राहू दिले. दव पडले, थंडी पडली, माझी साल कडक झाली. मग तिने मला छपराखाली वाळवले, देठाजवळ बारीक भोक पाडून बिया हलवून हलवून बाहेर काढल्या आणि भोक राळेने बुजवले. मला दोरीच्या विणीत बसवून खाली माल ठेवायची जाळी बांधली आणि आपल्या मुलीच्या हातात दिले.

"याच्यावर छाती टेकायची," ती म्हणाली, "आणि दम पुरता आत आल्याशिवाय पुन्हा खाली जायचं नाही. वरचे शंख सोडून दिले तरी चालतील. समुद्र कुठे पळून जात नाही."

त्या मुलीचे नाव बू मालसून. तेव्हा ती नुसती मालसून होती. आता सगळा गाव तिला आजी म्हणतो.

पहिल्या दिवशी मालसूनने मूठभर तांदूळ पांढऱ्या कागदात बांधून समुद्राच्या राजाला वाहिले, आणि मला पाण्यावर टाकले. मी तरंगलो. किती आनंद झाला मला! ती खाली जाई तेव्हा मी लाटांवर एकटा डुलत राही आणि मनातल्या मनात तिचा श्वास मोजी. ती वर येई, तोंडातून लांब शीळ घालत हवा सोडी, आणि दोन्ही हातांनी मला धरी. किनाऱ्यावरच्या दगडी कुंपणात शेकोटीभोवती बसून बायका माझे कौतुक करत. "मालसूनचा भोपळा गुटगुटीत आहे हो," एकदा कोणीतरी म्हणाले. "तिच्यापेक्षा तोच जास्त जेवतो वाटतं."

आमच्या बायकांची एक रीत आहे. जिची जाळी त्या दिवशी रिकामी राहिली असेल, जी आजारी असेल किंवा नवशिकी असेल, तिच्या जाळीत दुसरीने आपल्यातले थोडे टाकायचे आणि पोहत पुढे निघून जायचे. मागे वळून बघायचे नाही. घेणारीनेही काही बोलायचे नाही. मालसून या रीतीला फारच पक्की होती. माझ्याखालची जाळी भरत आली की ती तिरकी तिरकी पोहत कोणाच्या तरी तरंग्याजवळ जाई, आणि परत येताना मी हलका झालेला असे.

पुढे फोमचे तरंगे आले. पांढरे, हलके, वर भगवे कापड चढवलेले. ते फुटत नसत, आणि लांबून बोटवाल्यांना दिसत. मालसूननेही एक घेतला. मला तिने पुसून, ओसरीच्या वळचणीखाली खिळ्याला टांगले. खोटे कशाला बोलू, मला फार लागले ते. माझ्या दोरीत गांधीलमाशीने घर केले. तिची सून मिरान वर्षातून एकदा, नव्या वर्षाच्या साफसफाईला, मला फडके मारी. शेजारच्या खिळ्यावर फोमचा तरंगा टांगला जाई. होता तो पोरकट, पण खोटे बोलत नसे. समुद्रातले सगळे तो मला सांगे. मालसून आता म्हातारपणी उथळ पाण्यात जाते, आणि काढते ते जवळजवळ सगळे यांग गुमजाच्या जाळीत टाकते, हेही त्यानेच सांगितले. गुमजा नवी सून होऊन गावात आली, आणि धड पोहायला शिकण्याआधीच तिचा नवरा गेला.

ओसरीवरून मला अंगण दिसे. रोज पहाटे मालसून एक वाटी स्वच्छ घासून त्यात ताजे पाणी भरी, लोणच्याच्या रांजणांजवळच्या दगडावर ठेवी आणि तळहातावर तळहात चोळत प्रार्थना करी. तो तिचा नेम होता. त्या पाण्यासमोर ती काय बोलते ते मला कधी ऐकू आले नाही. ऐकायचेही नसते.

समुद्र फुकट देत नाही, मित्रांनो. खोल पाण्याने बायकांचे कान जातात, डोकी ठणकतात. बुडी मारायला निघण्यापूर्वी त्या कागदाच्या पुडीतली डोकेदुखीवरची पांढरी पूड जिभेवर टाकत आणि म्हणत, चला. डॉक्टरकडे कोण जाणार? पुढे देशात सर्वांसाठी आरोग्य विमा आला. विमा म्हणजे काय ते मी अंगणातल्या गप्पांतून शिकलो. सगळ्यांनी थोडे थोडे टाकायचे, आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला त्यातून द्यायचे. मला वाटले, ही तर आमच्या जाळीचीच रीत. फरक एवढाच, की जाळीत टाकणारी बाई मागे वळून बघत नाही, आणि सरकार बघते.

विमा खर्चाचा बराचसा भाग उचली, पण उरलेला ज्याचा त्याला द्यावा लागे. त्या उरलेल्यासाठी बायका पुडीच खात राहिल्या. मग बेटाचा कारभार एका नव्या प्रमुखांकडे आला. त्यांची आई हेन्यो होती म्हणे. त्यांनी ठरवले, की समुद्रात काम करणाऱ्या आणि केलेल्या प्रत्येक बाईचा तो उरलेला भाग बेट देईल. हिरव्या काठाचे एक कार्ड घरोघर आले.

"आता तरी कान दाखवून या, मावशी," गुमजा मालसूनला म्हणाली. गुमजा एव्हाना हेन्यो मंडळाची प्रमुख झाली होती. "एका हाकेला तीनदा 'काय' म्हणता."

"मला ऐकू येतं गं," मालसून म्हणाली. "तुझं बोलणं ऐकण्यासारखं नसतं."

पण गेली. कानांबरोबर छातीही तपासली, म्हणून बरे झाले. तिचे हृदय थकले होते. डॉक्टरीणबाईंनी रोज एक गोळी दिली, महिन्याच्या महिन्याला यायला सांगितले, आणि म्हणाल्या, समुद्र आता पुरे. मालसूनने फार वाद घातला नाही. बायकांनी तिला हार घातला, फोटो काढला. मिरानने कोणालाही न विचारता फोमचा तरंगा शेजारच्या गावच्या एका नवशिकीला देऊन टाकला, म्हणजे मोह नको. माझ्याकडे तिने बघितलेसुद्धा नाही. मीही एक तरंगा आहे, हे तिच्या डोक्यातच आले नाही.

ती वर्षे सुखाची गेली. दर महिन्याला मालसून बसने शहरात जाई, येताना गरम शेवयांचे सूप पिऊन येई, आणि बसमध्ये कोण कोण भेटले ते मिरानला रंगवून सांगे.

मग निवडणूक आली. भोंगे लावलेल्या गाड्या गाणी वाजवत फिरू लागल्या. रंगीत जाकिटे घातलेली माणसे चौकात ओळीने उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला कमरेत वाकून नमस्कार करत. मिरान म्हणाली, त्यांनी आमच्या कुत्र्यालाही केला. प्रमुख बदलले. नवे प्रमुख काही वाईट माणूस नव्हते. पैसा गळतो आहे, तो खरोखर काम करणाऱ्यांपर्यंतच पोचला पाहिजे, असे ते टीव्हीवर शांतपणे सांगत. ऐकताना मलाही पटे. पण त्यांनी त्याचा नियम केला तो असा: माल विकत घेणाऱ्या गावच्या संस्थेच्या वजनकाट्यावर ज्या बाईच्या नावाने पुरेसा माल चढला असेल, तिलाच कार्ड. समुद्र सोडलेल्यांची समुद्रातली शेवटची काही वर्षे बघायची.

मालसूनच्या नावावर शेवटच्या वर्षांत जवळजवळ काहीच नव्हते. कसे असणार?

मिरान तिला घेऊन कचेरीत गेली, आणि परत आली ती धुमसतच.

"ती कारकूनबाई विचारते, आजी, मग तुम्ही समुद्रात जात नव्हता का? आणि आई गप्प. अहो आई, सांगायचं ना, माल कुठे जायचा ते."

"काय सांगू?" मालसून ओसरीवर टेकत म्हणाली. "समुद्रातून आला, समुद्रातच गेला."

"हे कचेरीत लिहून घेतात का?"

"नसतील घेत."

संध्याकाळी गुमजा आली. तिने खाली बघतच सांगितले, की यंदाच्या हंगामात काट्यावर माल चढला तर कार्ड पुन्हा मिळेल, असे नियमात एक कलम आहे. "आम्ही सगळ्या थोडं थोडं तुमच्या नावाने चढवतो, मावशी. कोणाला कळतंय?"

"मला कळेल ना. सकाळी वाटीसमोर उभी राहते मी. तिथे काय सांगू?"

"सांगा, गुमजाने ऐकलं नाही."

"तुझं नाव तिथे रोजच निघतं," मालसून म्हणाली. "त्यात आणखी भर नको."

दोघी हसल्या. पण कार्ड बंद झाले ते झालेच.

पुढचे मी वळचणीखालून पाहिले, आणि मला तोंड असते तर मी हाका मारल्या असत्या. मिरान संत्र्यांच्या बागेत कामाला गेली की मालसून गोळी काढी, अंगठ्याच्या नखाने तिचे दोन तुकडे करी, अर्धा तुकडा गिळी आणि अर्धा कागदात गुंडाळून ठेवी. शहरातली फेरीही तिने पुढे ढकलली. मिरानला म्हणाली, डॉक्टरीणबाईंनीच उशिरा बोलावले आहे. हळूहळू तिचे पाय सुजले. रबरी सपाता चढेनात, तेव्हा ती मुलाच्या मोठ्या चपला घालून अंगणात फिरू लागली. श्वास घेताना ती भिंतीला हात लावी. श्वास घेताना ती काहीतरी धरते, हे माझ्याइतके कोणाला माहीत?

एका थंड, लख्ख सकाळी, ओहोटीच्या वेळी, ती स्टुलावर चढली आणि तिने मला खिळ्यावरून काढले. गांधीलमाशीचे रिकामे घर तिने बोटाने पाडले. जुनी जाळी झटकली.

"चल रे बाबा," ती म्हणाली. "दोघेही म्हातारे आहोत, कोणी कोणाला हसायचं नाही. काट्यावर चढवायचा माल आपला आपणच काढू."

मित्रांनो, मला हर्ष व्हायला हवा होता. पण माझ्या देठाजवळची राळ कधीच तडकली होती. मला ते माहीत होते, तिला नव्हते.

उथळ पाणी म्हाताऱ्या बायकांसाठी राखलेले असते. ती तिथेच उतरली. पहिली बुडी लहान होती. एक शंख मिळाला. दुसऱ्या बुडीला मिळाला नाही. तोवर माझ्या पोटात पाणी थेंबाथेंबाने शिरत होते आणि मी एका बाजूला कलत होतो. तिसऱ्यांदा ती वर आली तेव्हा शीळ आली नाही. नुसते उघडे तोंड. तिने माझ्यावर छाती टेकली, आणि मी, ज्याने तिला आयुष्यभर वर धरले होते, तो तिच्यासकट खाली जाऊ लागलो. मी जीव तोडून तरंगलो. अर्धा पाण्यात, अर्धा वर. यापेक्षा जास्त माझ्याने झाले नाही.

लांब खोल पाण्यात बाकीच्या बायका होत्या. त्यांचे तरंगे भगवे. गुमजा वर आली, तिने किनाऱ्याकडे पाहिले, आणि उथळ पाण्यात तिला काहीतरी तपकिरी, गोल, कललेले दिसले. आता भोपळा कोण वापरते? सगळ्या गावात भोपळा एकच उरला होता, आणि तो कोणाच्या ओसरीवर टांगलेला असतो हे तिला ठाऊक होते. ती हातातला माल टाकून पोहत सुटली. तिच्यामागून बाकीच्या. त्यांनी आपले तरंगे मालसूनच्या भोवती दाटीने लावले आणि तिला त्यांवर आडवी धरून काठाला आणले. कोणी आरडाओरडा केला नाही. गुमजा तेवढी तिच्या कानाशी सारखी बोलत होती, "दम घ्या मावशी, घाई नाही, दम घ्या."

इस्पितळात मालसून वाचली. अर्ध्या गोळ्यांची पुडीही तिथेच सापडली, तिने काठावर काढून ठेवलेल्या जाकिटाच्या खिशात.  दुसऱ्या दिवशी मिरान तिला बोलली.

"मी तुमचा तरंगा देऊन टाकला, तर तुम्ही खिळ्यावरचा भोपळा काढलात?"

"तो तुझा नव्हता. माझा होता."

"आणि तुम्ही कोणाच्या आहात?" मिरान म्हणाली, आणि रडली.

हे गुमजाने शेकोटीपाशी बायकांना सांगितले, तेव्हा मी तिथेच होतो. तिने माझ्यातले पाणी काढून मला शेकोटीजवळ वाळत ठेवले होते. मालसून घरी येईपर्यंत पहाटेची वाटी मिरान भरत होती, हेही तिथेच कळले. एरवी ती सासूच्या नेमाला हसायची.

उपचाराचा भार तेव्हा सगळ्यांनी मिळून उचलला. पण दर महिन्याला, जन्मभर, ते कसे जमणार? मालसूनने पुन्हा गोळीचे तुकडे केले असते. तिला ओळखणाऱ्या सगळ्यांना हे ठाऊक होते.

पुढच्या निवडणुकीला एक उमेदवार बाई शेकोटीच्या कुंपणात आल्या. जाकीट, हातमोजे, सगळे होते. त्या वाकू लागल्या.

"वाकू नका, बसा," गुमजा म्हणाली. "दिवसभर वाकून पाठ मोडली असेल. एकच विचारायचं आहे. समुद्र सोडलेल्या बाईचं कार्ड देणार का?"

"द्यायला हवं," बाई म्हणाल्या. "पण कोण खरी, कोण खोटी, याला काहीतरी पुरावा लागतो. म्हणून तर काटा आला."

"काटा शंख मोजतो. समुद्रात कोण होती ते आम्हाला विचारा."

मग जे कधी घडले नव्हते ते घडले. बायका बोलू लागल्या. एकजण म्हणाली, माझं बाळंतपण झालं त्या हंगामात माझी जाळी रोज भरलेली असायची, आणि मी तर पाण्यात धड उतरतही नव्हते. दुसरी म्हणाली, माझा खांदा निखळला होता तेव्हा. गुमजा सर्वांत शेवटी बोलली. "माझा नवरा गेला, आणि मला तळ दिसायचा पण हाताला लागायचा नाही. माझ्या नावाने काट्यावर जे चढलं, त्यातलं निम्मं बू मालसूनचं आहे. तुमच्या कचेरीत ती शून्य आहे."

उमेदवार बाईंनी हातमोजे काढले. 

त्या गेल्यावर कोणीतरी म्हणाले, "निवडून आल्या की विसरतील."

"विसरल्या तर कचेरीसमोर जाऊन गप्पा मारू," गुमजा म्हणाली. "आपले कान गेलेत. आपल्या गप्पा तिसऱ्या मजल्यावर ऐकू जातात."

त्या निवडून आल्या. लगेच काही झाले नाही. बायका दोनदा कचेरीसमोर जाऊन गप्पा मारून आल्या. शेवटी नियम बदलला. कोण समुद्रात होती, हे आता प्रत्येक गावच्या हेन्यो मंडळाने सांगायचे. समुद्र सोडला म्हणून कार्ड जाणार नाही.

मालसूनला शेकोटीपाशी काय बोलणे झाले ते कळले, तेव्हा ती रागावली. "मागे वळून बघायचं नसतं, माहीत होतं ना?"

"आम्ही वळून नाही बघितलं, मावशी," गुमजा म्हणाली. "जाळी जड लागायची, एवढंच."

 मालसूनने चेहऱ्यावरून पदर फिरवल्यासारखा हात फिरवला आणि मिरानला म्हणाली, हिला जेवायला वाढ.

गुमजाने माझे भोक पुन्हा राळेने बुजवले. खरे तर आता मला समुद्रात कोणी नेणार नाही, तरी तिने बुजवले. मी पुन्हा माझ्या खिळ्यावर आहे, आणि मिरान आता मला महिन्याच्या महिन्याला पुसते.

मित्रांनो, मी भोपळा आहे, मला राज्यकारभार कळत नाही. प्रमुख बदलतात, पुढेही बदलतील, आणि येणारा प्रत्येकजण जुने नियम हातात घेऊन बघेल. बघावेच. पण ज्याच्यावर छाती टेकून कोणीतरी श्वास घेत आहे, अशी वस्तू असो की नियम असो, तो पाण्यात टाकण्यापूर्वी हात फिरवून बघत जा. कुठे तडा गेला आहे का, कोणी त्यातून निसटते आहे का. ज्याला तडा गेला आहे त्याला सांगता येत नाही, आणि जी निसटते ती बहुधा गप्पच असते. तिच्या बाजूने बोलायला तुम्ही तिथे असा.

आज मालसून आजी शहरातून आली. तिने नवे पाकीट उघडले, अख्खी गोळी जिभेवर ठेवली आणि पाणी प्यायली. मग तिथेच ओसरीच्या उन्हात आडवी झाली. तिचे हात पोटावर मोकळे पडले आहेत, काहीही न धरता. ती झोपली आहे, आणि श्वास आपला आपण येतो आहे.